पन्नाशीच्या अलीकडचा परदेश

थायलंडच्या निवृत्ती व्हिसासाठी अर्जदाराचे वय किमान ५० वर्षे लागते. शिवाय थायलंडमधल्या बँकेत ८ लाख बात हवेत, नाहीतर दरमहा ६५ हजार बातचे उत्पन्न दाखवावे लागते. पैशाची अट पोटाला चिमटा काढून पुरी करता येते, वयाची येत नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडलेला, घराचे कर्ज फेडून मोकळा झालेला, दोन-चार वर्षे समुद्राकाठी किंवा डोंगरात निवांत राहू पाहणारा माणूस या दाराशी गेला, की त्याला परत पाठवले जाते.

असे लोक आता आपल्याकडे बरेच दिसतात. हिंजवडी, मगरपट्टा, पवई, ऐरोलीच्या कचेऱ्यांत वीस-बावीस वर्षे काढलेली ही पिढी आहे. मुले शिकायला बाहेर गेली आहेत, भविष्यनिर्वाह निधी, म्युच्युअल फंड आणि एखाद्या फ्लॅटचे भाडे एवढ्यावर साधेपणाने भागू शकते. त्यांना परदेशात नोकरी नको आहे, स्थायिकही व्हायचे नाही. सहा महिने, वर्ष, दोन वर्षे राहायचे आहे. मुंबईहून साडेचार तासांच्या आत विमान बँकॉकला उतरवते, म्हणून बहुतेकांच्या यादीत थायलंड पहिले असते. हा लेखही मुख्यतः त्याच वाटेविषयी आहे. आकडे २०२५ च्या उत्तरार्धातले आहेत.

कोथरूडमधल्या ज्या दाम्पत्याने मला आपली सगळी फाइल उघडून दाखवली, त्यांच्यातल्या बाईंचे वय ४६. सॉफ्टवेअर कंपनीतली नोकरी त्यांनी सोडली होती. नवरा मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढतो, बरेचसे काम परदेशातल्या प्रकाशकांचे. दोघांना चियांग माईला वर्षभर राहायचे होते. अर्ज भरताना बाई अडकल्या त्या ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी. “नोकरी म्हणावं तर नाही. निवृत्त म्हणावं तर वय बसत नाही. गृहिणी लिहिलं तर बँकेतले पैसे कुठून आले, ते विचारतील. मग मी लिहू काय?” त्यांनी मला विचारले.

हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. परदेशी माणसाला जास्त दिवस राहू देण्यासाठी सरकारांनी जे खण केले आहेत ते ठरलेले आहेत: पर्यटक, विद्यार्थी, नोकरदार, गुंतवणूकदार, नवरा किंवा बायको, आणि म्हातारा. काम थांबवलेल्या पण म्हातारा न झालेल्या माणसासाठी कित्येक देशांत खणच नव्हता. अलीकडे तो केला जातो आहे, पण प्रत्येक देशाने वेगळ्या मापाचा. म्हणून पन्नाशीच्या आत जाणाऱ्याने आधी एक गोष्ट ठरवावी: कागदावर आपण कोण म्हणून जाणार, आणि ते खरे आहे का?

सर्वात सोपी वाट बिनव्हिसाची. १५ जुलै २०२४ पासून थायलंडने भारतासह ९३ देशांच्या नागरिकांना ६० दिवस व्हिसाशिवाय प्रवेश दिला. तिथल्या इमिग्रेशन कार्यालयात १,९०० बात भरून आणखी ३० दिवस मागता येतात. म्हणजे तीन महिन्यांची सोय झाली. कुणाला एखादा देश नुसता अजमावून पाहायचा असेल तर एवढे पुरेसे आहे, आणि माझे मत विचाराल तर पहिल्या खेपेला यापुढे जाऊच नये. चियांग माईला फेब्रुवारी ते एप्रिल शेते आणि रान जाळल्याचा धूर इतका भरतो की समोरचा डोंगर दिसेनासा होतो. डिसेंबरच्या गुलाबी थंडीत गावाच्या प्रेमात पडून वर्षाचे भाडे आगाऊ भरणाऱ्यांना हे मार्चमध्ये कळते.

अडचण सुरू होते ती तीन महिन्यांनंतर. पूर्वी लोक सीमेवर जात, शेजारच्या देशात पाऊल टाकून त्याच दिवशी परत येत आणि नवा शिक्का घेत. काही जण अशाच खेपांवर वर्षानुवर्षे राहिले. हा मार्ग आता धरू नये, असे मी स्पष्ट सांगेन. जमिनीवरच्या सीमेवरून बिनव्हिसाचा प्रवेश वर्षातून दोनदाच, असा नियम थायलंडने पूर्वीच करून ठेवला होता. २०२५ च्या जूनमध्ये थायलंड-कंबोडिया वाद पेटला आणि त्या बाजूची नाकी बंद झाली. शिवाय थायलंडच्या १९७९ च्या इमिग्रेशन कायद्यानुसार, ज्याच्याकडे उपजीविकेचे योग्य साधन दिसत नाही त्याला अधिकारी दारातूनच परत पाठवू शकतो. पासपोर्टवर एकापाठोपाठ एक पर्यटकाचे शिक्के दिसले की तो विचारणारच, हा माणूस इथे नेमके करतो काय?

भारतीयांच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक कारण मिळाले आहे. नोकरीच्या आमिषाने बँकॉकला बोलावून तिथून म्यानमारच्या हद्दीतल्या सायबर-फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना मार्च २०२५ मध्ये वायुसेनेच्या विमानांनी माए सोतहून परत आणावे लागले. मुंबई विमानतळावर एकेरी तिकीट घेऊन निघालेल्याची चौकशी होते, ती त्रास देण्यासाठी नव्हे. परतीचे तिकीट, राहण्याच्या जागेचा पत्ता आणि हातखर्चाचा पुरावा जवळ असला की ती दोन मिनिटांत संपते.

पन्नाशीच्या आतल्यांसाठी खरे दार उघडले ते त्याच १५ जुलै २०२४ ला. ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ किंवा ‘डीटीव्ही’ हा पाच वर्षांचा, कितीही वेळा ये-जा करता येणारा व्हिसा. वय २० वर्षे पूर्ण हवे. वरची मर्यादा नाही. बँकेत ५ लाख बात दाखवावे लागतात. बातचा भाव २०२५ मध्ये अडीच ते तीन रुपयांच्या दरम्यान राहिला, म्हणजे रक्कम साडेबारा ते पंधरा लाख रुपयांत बसते. निवृत्ती व्हिसाप्रमाणे ती थायलंडमध्ये नेऊन ठेवावी लागत नाही. भारतातल्या खात्याचे स्टेटमेंट चालते. मात्र अर्जाच्या आदल्या आठवड्यात भावाकडून उसने घेऊन भरलेले पैसे पाहणाऱ्याला लगेच ओळखू येतात, म्हणून खाते काही महिने आधीपासून भरते ठेवावे.

या व्हिसाचे तीन मार्ग आहेत. पहिला, थायलंडबाहेरच्या मालकासाठी किंवा ग्राहकांसाठी दुरून काम करणाऱ्यांचा. दुसरा, मुए थाई, थाई स्वयंपाक अशा गोष्टी शिकणाऱ्यांचा आणि वैद्यकीय उपचार घेणाऱ्यांचा. तिसरा, या दोहोंपैकी कुणाच्या तरी जोडीदाराचा किंवा वीस वर्षांखालील मुलांचा. कोथरूडच्या त्या दाम्पत्याचा प्रश्न इथे सुटला. चित्रकार नवऱ्याचे प्रकाशकांशी केलेले करार आणि मानधनाच्या पावत्या त्याचा अर्ज तोलून धरणाऱ्या होत्या. बाई त्याची पत्नी म्हणून जाऊ शकत होत्या. त्यांच्या रकान्यात ‘नोकरी सोडली, बचतीवर राहते’ एवढेच लिहिले गेले आणि सोबत प्राप्तिकराची विवरणपत्रे जोडली.

जो काहीच काम करत नाही आणि ज्याचा जोडीदारही करत नाही, त्याला दुसरा मार्ग उरतो. तिथे माझा आग्रह असा: खरोखर शिकायचे असेल तरच जा. सहा महिने स्वयंपाकाच्या वर्गात मनापासून जाणाऱ्याला भाषा, बाजार, शेजार सगळेच मिळते. पण नुसते प्रवेशपत्र विकणाऱ्या शाळा आहेत आणि ते मिळवून देणारे एजंटही. भाषाशिक्षणाच्या जुन्या विद्यार्थी-व्हिसावर गेलेल्यांना इमिग्रेशनचे अधिकारी थाईत दोन साधे प्रश्न विचारून पाहत आले आहेत. वर्षभर शिकत असल्याचे कागद आणि नाव-गाव सांगता येऊ नये, अशी वेळ आली तर वकीलही काही करू शकत नाही.

पैसेवाल्यांसाठी ‘थायलंड प्रिव्हिलेज’ आहे. ६ लाख ५० हजार बात भरून पाच वर्षांचे सदस्यत्व, त्याहून वरच्या श्रेणी त्याहून महाग. हे पैसे ठेव नसून शुल्क आहे, परत मिळत नाहीत. ज्यांना परवडते त्यांनी घ्यावे. बेताच्या बचतीवर निघालेल्याने त्या वाटेला जाऊ नये.

आता शिक्क्याविषयी. सर्वाधिक लोक इथेच फसतात, म्हणून थोडे सविस्तर. व्हिसावर जी तारीख असते तिच्या आत देशात दाखल व्हायचे असते. आत किती दिवस राहायचे ते विमानतळावर पासपोर्टवर मारलेला शिक्का ठरवतो. डीटीव्ही पाच वर्षांचा असला तरी प्रत्येक प्रवेशाला १८० दिवस मिळतात. आणखी १८० दिवसांची मुदतवाढ एकदा मागता येते, पण ती देणे न देणे कार्यालयाच्या हाती. व्हिसा पाच वर्षांचा आहे म्हणून निर्धास्त राहिलेला माणूस १८१ व्या दिवशी बेकायदा ठरतो. दंड रोजचा ५०० बात, जास्तीत जास्त २० हजार. ९० दिवसांहून अधिक मुदत उलटवून स्वतःहून विमानतळावर हजर झालात तर एक वर्ष प्रवेशबंदी, वर्षाहून अधिक असेल तर तीन वर्षे. आणि स्वतःहून न जाता पकडले गेलात तर मुदत थोडकी उलटलेली असली तरी पाच वर्षे, वर्षाहून अधिक असेल तर दहा.

ज्यांनी तिथे जाऊन वर्षाची मुदतवाढ मिळवली आहे, विवाहावर, शिक्षणावर किंवा पुढे पन्नाशीनंतर निवृत्तीवर, त्यांच्यासाठी दुसरा सापळा आहे. पुनर्प्रवेशाचा परवाना न काढता देशाबाहेर पाऊल टाकले की मुदतवाढ तिथेच संपते. परवान्याला एका खेपेसाठी १,००० बात पडतात, अनेक खेपांसाठी ३,८००. घरी कुणी आजारी पडले म्हणून रात्रीच्या विमानाने निघालेली माणसे नेमकी हेच विसरतात. परवाना मुदतवाढीच्या दिवशीच, त्याच कार्यालयात काढून ठेवावा.

बाकीचे नियम कटकटीचे आहेत, अवघड नाहीत. १ मे २०२५ पासून थायलंडला पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमनपत्र भरावे लागते. ते फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे खोटी. तुम्ही राहायला गेलात की चोवीस तासांत घरमालकाने तशी वर्दी इमिग्रेशनला द्यायची असते. तिला ‘टीएम ३०’ म्हणतात. घर भाड्याने घेतानाच मालक हे करतो का ते विचारावे, कारण पुढे मुदतवाढीला गेल्यावर पहिला कागद तोच मागतात. सलग ९० दिवस झाले की आपला पत्ता कळवायचा. आधीचे १५ आणि नंतरचे ७ दिवस सवलतीचे, चुकलात तर २,००० बात दंड. बँकॉकच्या चेंग वत्थना भागातले इमिग्रेशन कार्यालय या कामांसाठी सकाळपासून भरलेले असते. तिथल्या फॉर्मवर साल बौद्ध गणनेचे असू शकते, २०२५ ऐवजी २५६८. मुदतीची तारीख वाचताना ५४३ वजा करायला विसरू नये.

परदेशी कचेरीपेक्षा जास्त हेलपाटे मात्र आपल्याच गावात पडतात, हे मला फाइली चाळताना पुन्हा पुन्हा दिसले. महाराष्ट्रात आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जून महिन्याच्या हिशेबाने ती लिहिली आणि तीच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, पॅनवर, पासपोर्टवर चढली. गावच्या जन्मनोंदीत मात्र वेगळीच तारीख निघते, कधी वर्षही वेगळे. वयाची अट असलेल्या व्हिसात पासपोर्टवरचे वय धरले जाते. म्हणून खरी तारीख कोणती यावर वाद घालण्यापेक्षा सगळे कागद एका तारखेवर आणणे महत्त्वाचे, आणि ते काम अर्जाच्या वर्षभर आधी सुरू करावे.

नावांचे तेच. बायकांच्या पदवीवर माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे, बँकेत मधले नाव गाळलेले. आपल्याला यात काही वावगे वाटत नाही, पण परदेशी अधिकाऱ्यासमोर ती तीन वेगळी माणसे असतात. राजपत्रात नावबदलाची सूचना छापून घेणे, नाहीतर प्रतिज्ञापत्र, आणि विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र यांनी हा गुंता सुटतो. तेच प्रमाणपत्र कोथरूडच्या त्या बाईंकडे नव्हते. लग्न सांगलीला कार्यालयात झालेले, अल्बम आणि पत्रिका जपून ठेवलेली, नोंदणी कधी केलीच नाही. जोडीदार म्हणून व्हिसा मागायचा तर पत्रिका चालत नाही. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखाली उशिरानेही नोंदणी होते. त्याला साक्षीदार लागतात आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही. त्यांचे भटजी हयात होते, सांगलीलाच होते, म्हणून काम झाले. हे वाचणाऱ्या आणि नोंदणी न केलेल्या प्रत्येक जोडप्याने परदेशाचा विचार नसला तरी हे काम उरकून घ्यावे.

कागद खरा असल्याची खात्रीही निराळी पटवावी लागते. राज्य सरकारचे साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय, अशी ती चढण. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, त्यामुळे पोर्तुगाल किंवा मॉरिशससारख्या सदस्य देशांसाठी मंत्रालयाचे अपोस्टिल पुरते. थायलंडसाठी मंत्रालयानंतर त्यांच्या वकिलातीचेही साक्षांकन मागतात. पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवेतून मिळतो, पण तो लवकर काढून ठेवू नये, जुना झाला की चालत नाही.

उत्पन्नाचा पुरावा हा पन्नाशीच्या आतल्यांचा सर्वात कच्चा दुवा. पेन्शन चालू झालेली नसते; कर्मचारी पेन्शन योजनेची पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षी मिळते. पगाराची स्लिप थांबलेली असते. हातात असते ते फ्लॅटचे भाडे, आणि आपल्याकडचा लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा. बारा महिन्यांचे स्थिर उत्पन्न मागणाऱ्या अधिकाऱ्याला अकरा महिन्यांचा करार कसा पटावा? मागच्या चार-पाच वर्षांचे नोंदणीकृत करार ओळीने लावा, भाडे बँकेतूनच घ्या आणि विवरणपत्रात दाखवा. रोखीने भाडे घेणाऱ्याला इथे काही दाखवता येत नाही. एफडी दोघांच्या नावावर असेल तर अर्जदाराचा हिस्सा कोणता, हेही विचारले जाते.

कराचे गणित दोन्हीकडे दिवसांवर चालते, पण वर्षे वेगळी. थायलंडमध्ये जानेवारी ते डिसेंबरात १८० दिवस भरले की तुम्ही तिथले कर-रहिवासी. १ जानेवारी २०२४ पासून नियम असा की रहिवाशाने त्यानंतर बाहेर कमावलेले उत्पन्न देशात आणले तर त्यावर कर लागू शकतो. भारतात एप्रिल ते मार्च मोजतात आणि सर्वसाधारण कसोटी १८२ दिवसांची. एकाच मुक्कामात दोन्ही देशांचे रहिवासी ठरणे शक्य आहे. दुहेरी कर टाळण्याचा करार दोन्ही देशांत आहे, त्याचा आधार घेता येतो, पण तो चार्टर्ड अकाउंटंटकडून निघण्यापूर्वी समजून घ्यावा. पैसे बाहेर पाठवण्याची मर्यादा माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. १० लाख रुपयांवरच्या रकमेवर अशा खर्चासाठी २० टक्के टीसीएस कापला जातो. तो विवरणपत्र भरून परत मिळतो, तरी महिनोन्‌महिने अडकतो. बँकेतले बचत खाते एनआरओ करायचे की नाही, हे तुम्ही किती अनिश्चित काळासाठी जाता यावर ठरते. सहा महिन्यांसाठी जाऊन परतणाऱ्याला त्याची गरज नसते.

विम्याबद्दल एकच बजावतो. आपली मेडिक्लेम बहुधा भारतातच चालते, तरी ती बंद करू नका. पुढे परत आल्यावर, वय वाढलेले आणि साखर-रक्तदाब जडलेला असताना, नवी पॉलिसी प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

इतर देशांकडे धावती नजर टाकू. मलेशियाची ‘सेकंड होम’ योजना २०२४ पासून पंचविशीपासून खुली आहे, पण चांदीच्या श्रेणीलाही दीड लाख डॉलरची ठेव आणि ६ लाख रिंगिटचे घर लागते; ५० च्या आतल्यांनी वर्षाचे ९० दिवस तिथे काढायचे, पन्नाशीनंतरच्यांना ती सक्ती नाही. फिलिपिन्सने निवृत्ती व्हिसाचे वय ३५ वरून ५० वर नेले होते, ते २०२५ मध्ये ४० वर आणले. पोर्तुगालचा ‘डी-७’ वय विचारतच नाही. भाडे, व्याज, लाभांश यांतून तिथल्या किमान वेतनाइतके, २०२५ मध्ये महिना ८७० युरो, उत्पन्न मागतो. आपल्यासारख्यांसाठी तो रास्त वाटतो, पण निवास परवान्याच्या कार्यालयात लाखो प्रकरणे तुंबली आहेत. गोव्यात १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व नोंदवता येते आणि मग व्हिसाचा प्रश्नच उरत नाही. पण तो पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व जाते आणि ओसीआय कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही. लांब मुक्कामासाठी एवढी किंमत मोजू नये, असे मला वाटते.

माझ्या मते मध्यमवर्गीय मराठी माणसाला सर्वात सोयीचा देश थायलंडच्या जोडीने मॉरिशस आहे. २०२० मध्ये सुरू झालेला तिथला प्रीमियम व्हिसा एक वर्षाचा, पुढे वाढवता येणारा. उत्पन्न महिना दीड हजार डॉलर, तेही देशाबाहेरचे, आणि तिथे नोकरी करायची नाही एवढीच मुख्य अट. वयाची पन्नाशी तिथे लागते ती निवृत्तांच्या वेगळ्या निवास परवान्यासाठी. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मळ्यांवर मजुरीला गेलेल्यांचे वंशज तिथे आजही स्वतःला मराठी म्हणवतात, आणि गणेशचतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते.

तुम्ही यंदा निघणार असाल तर तीन कामे स्वतः करा. अर्ज करण्याच्या आठवड्यात त्या देशाच्या वकिलातीचे संकेतस्थळ पुन्हा वाचा. भारतातून थायलंडचे अर्ज १ जानेवारी २०२५ पासून ई-व्हिसानेच होतात, एजंटची गरज नाही. फॉर्मवर जे लिहाल ते सिद्ध करणारा कागद नसेल, तर तो रकाना तसा भरू नका. आणि परदेशी विमानतळावर काउंटर सोडण्यापूर्वी शिक्क्यावरची तारीख तिथेच उभे राहून वाचा. चूक झाली असेल तर ती त्या क्षणी फुकटात दुरुस्त होते.